टेबलावरच्या संगणकाला बोट कशाला?

वर्गातली लहान मुले म्हणतात, घरचा संगणकही फोनसारखा बोटाने चालावा. माउस आजोबांच्या काळातला! आम्हा मोठ्या मुलांना हे पटत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१२ साली ‘विंडोज ८’मध्ये हेच करून पाहिले. स्टार्टचे बटण काढले आणि पडदाभर रंगीत चौकटी मांडल्या. टॅब्लेटवर त्या शोभल्या. पण माउस घेऊन बसलेल्यांचे काय? नुसता संगणक बंद करायचा, तर बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा, सरकून आलेल्या पट्टीत ‘सेटिंग्ज’ दाबायचे, मग ‘पॉवर’. (कितीतरी आईबाबांनी सरळ स्विचच बंद केला असेल!) लोकांनी कुरकुर केली. २०१३ साली ८.१ मध्ये बटण परत आले, २०१५ साली ‘विंडोज १०’मध्ये जुना मेनूही.

फोन हातात असतो, पडदा समोर उभा. त्याला बोट लावत दहा मिनिटे बसून पाहा, खांदा दुखू लागतो. शिवाय मराठी लिहिताना वेलांटी चुकली, तर माउसचा बाण नेमका त्या अक्षरापाशी जातो. बोटाखाली अख्खा शब्द झाकतो.

चित्रे काढायला टॅब्लेट छान, हे आम्हालाही मान्य. या अंकाचे शुद्धलेखन मात्र आम्ही माउसनेच तपासले आहे.