माळ्यालाही श्वास हवा

वारणाकाठी १९५०च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली गेली आणि वारणानगर उभे राहिले. परिसरात पैसा आला, तशी घरेही पालटली. कौले उतरली, पत्रे चढले. पत्र्याची तलखी जाणवू नये म्हणून त्याखाली सिलिंग आले. या पालटात एक गोष्ट मात्र नकळत हरवली : माळ्यावरची खेळती हवा.

कौलारू छप्पर म्हणजे केवळ आच्छादन नव्हते. कुंभाराची नळीची कौले असोत, की बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यानंतर सर्वत्र पसरलेली मंगलोरी कौले असोत. त्यांच्या सांध्यांतून उष्ण हवा आणि चुलीचा धूर आपसूक बाहेर पडे. पत्रा आणि सिलिंग यांच्यामध्ये हवा कोंडते. उन्हाळ्यात ती खालच्या खोल्या तापवते. हिवाळ्यात पहाटे घरातली वाफ थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते, ते वाशांत मुरते आणि लाकूड कुजवते.

प्रश्न केवळ उकाड्याचा नाही. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी कोल्हापूर जिल्ह्याला पुन्हा शिकविले, की पाणी चढू लागले म्हणजे धान्याला आसरा उंचावरचाच. पण कोंदट माळ्यावर भुईमुगाच्या शेंगांना बुरशी धरली, तर तीत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष निर्माण होऊ शकते आणि ते शिजवूनही पुरते जात नाही. पुरातून वाचलेले धान्य माळ्यावर नासावे, यासारखा दैवदुर्विलास नाही.

उपाय खर्चिक नाही. ऊन हवा वर चढते; म्हणून वळचणीला हवा येण्यास व आढ्यालगत ती जाण्यास वाट ठेवावी. झरोक्यातून पाऊस येईल, उंदीर शिरतील, ही शंका रास्त आहे. पण उतरती झडप आणि बारीक जाळी एवढ्याने तिचे निरसन होते. स्वयंपाकघरातील धुराडे मात्र माळ्यात न सोडता थेट छपराबाहेर न्यावे.

वारणानगरात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांतील माळ्यांचे तापमान व दमटपणा मोजून गवंड्यांना मार्गदर्शन केले, तर विद्येचे चीज होईल. गुळाच्या काहिलीवरची वाफ कोंडू नये म्हणून गुऱ्हाळघर मोकळे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. गुळाची घेतो ती काळजी त्याने घराचीही घ्यावी, एवढेच मागणे आहे.