पुण्याला गेल्यावर बघू

दात असो, चष्मा असो की गुडघा, इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींचा वैद्यकीय कारभार ‘पुण्याला गेल्यावर बघू’ या एका वाक्यावर चालतो. (नाशिक, नागपूर, पणजीवाल्यांनी आपापलं गाव घालून वाचावं.) दाताच्या बाबतीत त्यात शहाणपणही आहे. इथल्या डेंटिस्टची वेळ मिळेपर्यंत दात आपणहून पडायचा, आणि कोथरूडला चार दिवसांत रूट कॅनाल होऊन वर कॅपसुद्धा बसते. पण हेच वाक्य हल्ली रात्र रात्र झोप न लागणं, छातीत धडधडणं, कशातच मन न लागणं, मुलांवर उगाच खेकसणं, बाथरूममध्ये जाऊन रडून येणं याबद्दलही ऐकू येतं. तिथे ते धोक्याचं आहे. डिप्रेशन आणि अँग्झायटीचे उपचार आपण जिथे राहतो, जिथून रोज उठून कामाला जातो, तिथेच घ्यायला हवेत, आणि डिसेंबरच्या तिकिटांची वाट न पाहता घ्यायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन आठवड्यांच्या त्या सुट्टीत काय होतं ते आठवून पाहा. दोन लग्नं, एक मुंज, बँकेची केवायसी, आईचे रिपोर्ट. त्यात मामेभावाच्या ओळखीचे डॉक्टर संध्याकाळी सातची वेळ देतात. दहा मिनिटांत गोळ्या लिहून होतात. चूक त्यांचीही नाही. पुढच्या आठवड्यात परत जाणाऱ्या माणसाला ते दुसरं काय देणार? शिवाय तोवर माणसाला निम्मं बरं वाटायला लागलेलं असतं. ऊन असतं, आईच्या हातचं जेवण असतं, दार वाजवून येणारी माणसं असतात. मग सहा महिन्यांच्या गोळ्या मेडिकलमधून घेऊन, लोणच्याच्या बरणीशेजारी बॅगेत भरून आपण हीथ्रोला उतरतो. दुपारी चारच्या सुमारासच अंधारून आलेलं असतं.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं असंच झालं. ओळख पटू नये म्हणून तपशील सांगत नाही. रात्री छातीत कळ आली आणि हार्ट अटॅकच आला या समजुतीने त्यांनी इमर्जन्सी गाठली. ईसीजी, रक्त, सगळं नॉर्मल. ‘अँग्झायटी असावी, तुमच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, भेटा’ असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. त्यांनी घरी येऊन ‘ॲसिडिटी होती’ असं जाहीर केलं आणि जीपीऐवजी पुण्यात दाखवलं. गोळीने झोप लागायला लागली, तब्येत सुधारली. वसंतात गोळ्या संपल्या तेव्हा ‘आता बराच आहे की’ म्हणून त्यांनी पुढे काही केलं नाही. आठवड्याच्या आत हात थरथरू लागले, झोप पार उडाली, मीटिंगमध्ये बसवेना. आजार दुपटीने उलटला असं वाटून ते आणखी खचले. मग कधीतरी बायकोने कचऱ्यातलं रिकामं पाकीट काढून त्यावरची बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचली. त्या एका गोळीत दोन औषधं होती, एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम.

ही जोडगोळी भारतात सर्रास लिहून दिली जाते. पहिलं औषध नैराश्यावरचं. त्याचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटू लागल्यावरही ते सहसा किमान सहा महिने चालू ठेवायचं असतं. दुसरं लगेच शांत करणारं, पण सवय लावणारं. इथे त्या जातीची औषधं दिलीच तर अगदी थोड्या दिवसांसाठी देतात. दोन्हींपैकी कुठलंही एकदम तोडायचं नसतं, डोस हळूहळू उतरवत न्यायचा असतो. हे सांगायला डॉक्टर हाताशी लागतो, साडेचार-साडेपाच तास पुढे असलेल्या घड्याळाच्या देशात असून भागत नाही. तिथून येताना अल्प्राझोलामच्या स्ट्रिप आणणाऱ्यांनी तर हेही ध्यानात घ्यावं की ते इथे नियंत्रित औषध आहे, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत मिळत नाही, आणि सोबत डॉक्टरचं पत्र नसेल तर विमानतळावर पंचाईत होऊ शकते. भारतातही २०१४ पासून ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून औषध निरुपद्रवी होत नाही.

आता इथल्या सोयीबद्दल. ती आपण फुकट मागत नाही, पैसे आधीच मोजलेले आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून व्हिसावरच्या बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पाउंड आणि मुलाला ७७६ पाउंड हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. नवरा, बायको, एक मूल आणि पाच वर्षांचा व्हिसा धरला तर १४,२३० पाउंड होतात, तेही आगाऊ. शिवाय पगारातून कर कापला जातो तो वेगळा. एरवी टेस्कोच्या क्लबकार्डावरचा पेनीन् पेनी वसूल करणारे आपण, इथे मात्र भरलेल्या पैशांवर पाणी सोडतो.

इंग्लंडमध्ये बोलण्याच्या उपचारांची सार्वजनिक योजना २००८ साली सुरू झाली. ती सुरू होण्यामागे रिचर्ड लेयर्ड या अर्थतज्ज्ञाचा आणि डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाचा आग्रह होता. लेयर्ड यांचा युक्तिवाद आपल्याला पटावा असा हिशेबी होता. नैराश्यामुळे माणसं कामावरून घरी बसतात, त्यांचा भत्ता आणि बुडालेला कर यांपुढे उपचाराचा खर्च किरकोळ आहे. तीच योजना आता ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’ या नावाने चालते. तिच्यासाठी जीपीची चिठ्ठीही लागत नाही. आपलं नाव आपणच ऑनलाइन किंवा फोनवर नोंदवता येतं. (स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था वेगळी आहे, तिथल्यांनी जीपीपासून सुरुवात करावी.)

तरी जीपीकडे जावंच, आणि त्याला एक साधं कारण आहे. थायरॉइड बिघडलं, रक्त कमी झालं, बी-१२ उतरलं तरी माणूस असाच मलूल आणि चिडचिडा होतो. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता काही दुर्मीळ नाही. रक्त तपासल्याशिवाय ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणणं जितकं घाईचं, तितकंच ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणंही.

जीपीची वेळ घ्यायला सकाळी आठला फोन लावून रांगेत थांबायचं. रिसेप्शनिस्ट कारण विचारेल. ‘मेंटल हेल्थ’ एवढे दोन शब्द पुरतात, तिला कहाणी सांगावी लागत नाही. मग बहुधा नऊ प्रश्नांचा एक फॉर्म येतो. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, झोप, भूक, थकवा, पेपर वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागलं नाही, असे प्रश्न. उत्तरं चार, ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत, शून्य ते तीन गुण, एकूण २७. जन्मभर जास्त गुणांसाठी धडपडलेली आपली मंडळी इथे मात्र कमी पडावेत म्हणून जपून उत्तरं लिहितात. जिथे ‘जवळजवळ रोज’ लिहायचं तिथे ‘काही दिवस’वर टिक करतात आणि मग ‘डॉक्टरने काही मनावर घेतलं नाही’ म्हणून बाहेर पडतात. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटतं का, असा आहे. तिथे तरी खरं लिहा. खरं लिहिलं म्हणजे लगेच कोणी उचलून नेत नाही. डॉक्टर त्यावर बोलतो, आणि ते बोलणं फार दिवस थांबलेलं असतं.

‘गेलं की गोळ्या सुरू करतात’ ही भीतीही जुनी झाली. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य नैराश्यात गोळी हा पहिला उपाय म्हणून सरसकट द्यायचा नाही, रुग्णाला स्वतःला हवी असेल तर गोष्ट वेगळी.

हे सगळं सुरळीत चालतं असा माझा दावा नाही. सहा आठवड्यांत ७५ टक्के लोकांचे उपचार सुरू व्हावेत असं टॉकिंग थेरपीज योजनेचं उद्दिष्ट आहे, पण पहिल्या भेटीनंतर दुसरीसाठी पुन्हा ताटकळावं लागतं. सुरुवातीला वर्कबुक आणि फोनवर अर्धा तास मिळतो, तो अनेकांना फुसका वाटतो. नेमके तिथेच आपले लोक गळतात. तक्रार करावी, पुढच्या पायरीचे उपचार मागावेत, माणूस बदलून मागावा. ब्रॉडबँडवाल्याशी तासभर हुज्जत घालणाऱ्यांना हे जमण्यासारखं आहे.

‘रेकॉर्डवर येईल’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. व्हिसावर असलेल्या माणसाची भीती व्हिसाची गरज नसलेल्याला कळत नाही. पण वस्तुस्थिती अशी की भारतातून येताना व्हिसासाठी तपासतात तो क्षयरोग. पुढे कायम वास्तव्याच्या (आयएलआर) अर्जातही तुम्हाला डिप्रेशन झालं होतं का, हे विचारत नाहीत. तुमच्या संमतीशिवाय मालकाला जीपीची कागदपत्रं पाहता येत नाहीत. सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचा कागदही लागत नाही. आजार वर्षभर चालला किंवा चालण्यासारखा असला आणि रोजच्या जगण्यात मोठा अडथळा आणत असला, तर २०१०चा समानता कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. दोन ठिकाणी मात्र किंमत मोजावी लागते. आजाराचा गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल तर वाहन परवाने देणाऱ्या डीव्हीएलएला कळवावं लागतं, आणि आयुर्विमा घेताना विचारलं तर खरं सांगावं लागतं, हप्ता वाढू शकतो. तेवढी किंमत मोजावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. गोऱ्या समुपदेशकाला आपली सासू काय कळणार? व्हिडिओ कॉलवर आईला रोज ‘सगळं छान’ सांगण्याचा थकवा त्याला कसा समजावा? खरं आहे, पहिल्या भेटीतला बराच वेळ एकत्र कुटुंबाचा नकाशा काढण्यात जातो. पण हा नकाशा परक्याला समजावताना, आपण कुठे चूपचाप मान तुकवतो ते आपल्यालाच दिसू लागतं, असं त्यातून गेलेल्यांनी मला सांगितलं आहे. इंग्रजी अडत असेल तर एनएचएसने दुभाषा द्यायचा असतो, तोही विनामूल्य. नवऱ्याने बायकोचा किंवा मुलाने आईचा दुभाषा होऊ नये, कारण जे सांगायचं ते बहुतेकदा त्यांच्याबद्दलच असतं. मराठीतच बोलायचं असेल तर महाराष्ट्रातले समुपदेशक ऑनलाइन भेटतात, जरूर बोला. पण इथलं औषध लिहून देणं आणि रात्री दोन वाजता तुमच्या दारात माणूस पाठवणं त्यांच्या हातात नाही. म्हणून जीपी सुटत नाही.

आणि ज्या महाराष्ट्राच्या समजुती घेऊन आपण विमानात बसलो, तो महाराष्ट्र तरी कुठे तिथे थांबला आहे? ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आयपीएच ही मनोआरोग्य संस्था सुरू केली, तिला आता तीन दशकं उलटून गेली. नैराश्यावरच्या ‘कासव’ या मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. २०२२ पासून १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर भारतातल्या कोणालाही मराठीत बोलता येतं. (तिकडच्या आईवडिलांना हा क्रमांक लिहून द्या. मुलं परदेशी गेलेल्या घरातला एकटेपणा आपण सोयीने विसरतो.) ‘आपल्यात असलं नसतं’ हे वाक्य आता मला पुण्यापेक्षा इथल्या पॉटलकमध्ये जास्त ऐकू येतं.

इथल्या आपल्या मराठी मंडळाबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. ‘मंडळात ये, मन रमेल’ हा आपला आवडता सल्ला. एकट्या पडलेल्याला त्याने बळ मिळतंच. रामरक्षेने, ढोलपथकानेही मिळतं, त्याला माझा विरोध नाही. पण आजारी माणूस नेमका येणंच बंद करतो, आणि आपण म्हणतो, ‘हल्ली दिसत नाही, शिष्ट झाली.’ वर्गणी भरायची राहिलेल्यांची यादी आपल्याकडे आहे, त्या यादीतल्यांना फोन करून ‘बरी आहेस ना’ विचारायची पद्धत नाही. आपल्यात डॉक्टर मुबलक आहेत, त्यांना आपण मसालेभाताच्या रांगेत ‘जरा बाजूला या’ म्हणून गाठतो. त्यांच्याच वैद्यकीय परिषदेचा संकेत असा की जवळच्यांना औषध लिहून देणं शक्यतो टाळावं. रांगेतून बाजूला घेतलेल्याला त्यांनी जीपीचा रस्ता दाखवावा, तेवढं पुष्कळ झालं. भारतातून पाहुणे बोलावून जेवण आणि लावणीच्या मधल्या वेळात ‘सकारात्मक विचारांची जादू’ ऐकवणंही आता बंद करावं. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्याला ती जादू ऐकून आपण आणखी नालायक ठरलो असंच वाटतं.

त्याऐवजी मी मागतो ते एवढंच. मेंटल हेल्थ फर्स्ट एडचा दोन दिवसांचा अभ्यासक्रम असतो. २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेला हा उपक्रम आता इथे अनेक कंपन्यांत परिचयाचा आहे. मंडळाने आपल्या खर्चाने दोघांना, एक बाई आणि एक पुरुष, तो करायला पाठवावं. त्यांनी उपचार करायचे नाहीत. ऐकायचं, फॉर्म भरायला शेजारी बसायचं, हवं तर जीपीच्या सर्जरीपर्यंत सोबत जायचं, आणि कार्यकारिणीसमोरही तोंड उघडायचं नाही. मंडळाच्या प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर, जाहिरातींच्या आधी, एक चौकट कायमची असावी: जिवाला धोका असेल तर ९९९, मानसिक संकटात १११ लावून २ दाबा, नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर सॅमरिटन्स ११६ १२३, चोवीस तास, विनामूल्य.

वार्षिक सभेसाठी या दोन्ही मागण्यांचा ठराव मी सचिवांकडे दिला आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे.