तिफण काचेत, हिशेब कुठे?



तिफण काचेआड ठेवून खाली 'प्राचीन पेरणीयंत्र' अशी पाटी लावली, की तिच्या मालकाचे काय झाले हे विचारायचे कारण उरत नाही. उन्हाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते जुन्या अवजारांचे आणि घरगुती वस्तूंचे एक संग्रहालय पाहून आलो. वखर, डवरा, मोट, सरकी काढायचा रेचा, जाते, उखळ-मुसळ, कणगी. सगळे झाडूनपुसून मांडलेले. शहरातली मंडळी जात्याचा खुंटा धरून फोटो काढत होती. किती सुखाचे दिवस होते म्हणे!

कुणाच्या सुखाचे? भल्या पहाटे उठून दळण, मग पाणी, मग भाकरी, मग दिवसभर निंदण. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जाते सुटले म्हणून कोणी बाई रडली नाही. आमच्यासोबतच्या मावशींनी त्या जात्याला हातसुद्धा लावला नाही.

संग्रहालये नकोत असे आम्ही म्हणत नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास सुरुवात करून आयुष्यभर दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी जमवली. लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयाला दिले आणि सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. साध्या अडकित्त्यातली कारागिराची अक्कल त्यांनी लोकांना दाखवली. हे काम मोठेच. आमचे भांडण आहे ते पाटीशी.

आम्ही पाहिलेल्या पाटीवर लिहिले होते, शेतकरी परंपरेला चिकटून राहिला. साफ खोटे! ही तिफणच घ्या. 1790 च्या दशकात हॅलकॉट नावाच्या इंग्रज कप्तानाने दक्षिण हिंदुस्थानातली पाभर पाहिली आणि तिची माहिती विलायतेच्या शेतीमंडळाला कळवली. तोवर त्याची समजूत अशी, की असले यंत्र म्हणजे युरोपाचा नवा शोध! तीन फण, वर लाकडी चाडे, खाली पोकळ नळ्या, आणि चाड्यावर मूठ धरणाऱ्या माणसाच्या हाताचा अंदाज. मागे सरत्यावर तूर पेरणारी बाई. एका फेरीत दोन पिके. हे अडाण्याचे काम आहे काय?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला. तो आधी खपेना, लोखंडाने जमीन नासते असे लोक म्हणत, ही गोष्ट आपल्याला हिणवायला हमखास सांगतात. पण पुढे ते नांगर हजारोंनी खपले, ते कुणी घेतले? कलेक्टरांनी? आणि आपली काळी जमीन उन्हात स्वतःच भेगाळते. तिथे दरसाल नांगर न घालता वखरावर भागवणारा माणूस बैलांचा आणि वैरणीचा हिशेब बघत होता.

अवजार बदलले नाही, कारण गाठीला पैसा राहू दिला नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ज्वारीवर लेव्ही बसली, बाजारात जास्त भाव असताना कमी भावाने ज्वारी घालावी लागली. 1972 पासून जवळपास तीन दशके कापसाची एकाधिकार खरेदी चालली. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी कापूस नेणे गुन्हा, आणि चुकारा हप्त्याहप्त्याने. कणगीशेजारी लेव्हीचा कागद नाही, रेच्याशेजारी चुकाऱ्याची पावती नाही. मग बघणाऱ्याला शेतकरी मागासलेलाच दिसणार!

आज आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दावणीला बैल नाहीत. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. दारात निकामी पडलेली तिफण मागायला उद्या कोणी संग्रहालयवाला येईल. खुशाल द्यावी. मात्र तिच्यासोबत एक कागद द्यावा : ती कुणाची, किती एकरांत चालली, त्या साली कापसाला काय भाव मिळाला, सोसायटीचे किती देणे राहिले. कागद लावणार नसतील तर तिफणही देऊ नये.

ज्यांच्या ट्रंकेत लेव्हीचे कागद किंवा एकाधिकारातल्या चुकाऱ्याच्या पावत्या असतील, त्यांनी वाळवीच्या आधी त्या पुढच्या जिल्हा बैठकीला आणाव्यात. नक्कल काढून मूळ कागद त्याच दिवशी परत मिळेल.