व्यवसाय कर कापून घेतला, आता आंदर मावळाला काम द्या



आपल्या आंद्रा नदीचे पाणी कुठे जाते ते आधी पाहा. टाटांनी 1922 साली ठोकळवाडीचे धरण पुरे केले आणि पूर्वेला वाहणाऱ्या नदीचे पाणी डोंगरातून बोगदा काढून कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीच्या वीजघराकडे वळवले. शंभर वर्षांहून अधिक काळ त्यावर मुंबईचे दिवे लागत आहेत. खालच्या अंगाला पुढे आंद्रा धरण झाले. त्याचे पाणी इंद्रायणीत सोडतात, निघोज्याला उचलतात आणि पिंपरी-चिंचवडला पाजतात. शहराला पाणी मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. पण खांडी, सावळे, डाहुली, वडेश्वरपासून खाली टाकव्यापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर दिवाळीत भात झोडून झाले की हाताला काम उरत नाही. पुढचे सात महिने काय खायचे, याचे उत्तर या दोन्ही धरणांनी दिलेले नाही.

उत्तर कायद्यात आहे, आणि त्याचा पैसाही वसूल होतो आहे.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर उचलली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या खेड्यातल्या प्रौढ माणसाला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. देशात असा कायदा दुसऱ्या कुठल्या राज्यात तोवर नव्हता. या हमीसाठी पैसा हवा म्हणून 1975 साली व्यवसाय कर बसवला गेला. आज तळेगावच्या, चाकणच्या, पिंपरीच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या आपल्याच पोरांची पगाराची स्लिप उघडून बघा. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाला 2,500 रुपये कापलेले दिसतील. तोच हा कर. जमलेल्या कराइतकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असेही तेव्हाच ठरले होते. म्हणजे टाकव्याचा मुलगा कंपनीत राबून जो कर भरतो, तो खांडीच्या म्हातारीला बांधावर काम मिळावे म्हणून आहे. हा पैसा पन्नास वर्षे थांबलेला नाही. काम मात्र का थांबते, हे आम्हाला सरकारकडून ऐकायचे आहे.

केंद्राचा रोजगार हमीचा कायदा 2005 साली आला. आता दिल्लीने तो बदलायला घेतला आहे. तिथे काय व्हायचे ते होवो, आमचे बोट महाराष्ट्राच्या कायद्यावर आणि महाराष्ट्राच्या करावर आहे.

आम्हाला दोन गोष्टी नेहमी ऐकवल्या जातात. पहिली अशी की मावळात एमआयडीसी आहे, फार्महाऊस आहेत, जमिनीला सोन्याचा भाव आहे, इथे गरीब कोण? जमिनीचा भाव जमीन विकणाऱ्याला एकदाच मिळतो. त्यानंतर त्याच सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागते आणि मूळ मालक कुंपणाच्या दारात रखवालदार म्हणून उभा राहतो. कारखान्याचा भरवसा किती, तेही आपण पाहिले आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा मोठा कारखाना 2020 च्या डिसेंबरात उत्पादन थांबवून बंद झाला. 2022 साली वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणून गाजला आणि गुजरातेत जाणार असे जाहीर झाले. कारखाने यावेत, टिकावेत. पण चाळिशी ओलांडलेली, चौथीपर्यंत शिकलेली बाई कुठल्या गेटवर उभी राहणार आहे?

दुसरी गोष्ट अशी की रोजगार हमीच्या मजुरीवर आता कोण येतो? 2025-26 साठी ती दिवसाला 312 रुपये होती. कमी आहे, वाढलीच पाहिजे. तरीही येणारी माणसे आहेत, कारण त्यांच्यापुढचा दुसरा रस्ता वीटभट्टीचा किंवा कोळशाच्या भट्टीचा आहे. तिथे पावसाळ्यातच उचल घ्यायची, दिवाळीनंतर पोराबाळांसह भट्टीवर जायचे, हिशेब मालकाच्या वहीत आणि पोरांची शाळा बुडालेली. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणे 1976 च्या वेठबिगारी बंदी कायद्याने गुन्हा आहे. पण घरात दाणा नसताना माणूस उचल नाकारणार कशाच्या जोरावर? गावात काम असेल तरच.

उचल घेणाऱ्यांत सगळ्यात पुढे आमचे कातकरी बांधव आहेत. सरकारच्याच यादीत कातकरी आदिम जमात आहे. महाराष्ट्रात अशा फक्त तीन जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2003 रोजी दिला. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळते. साध्या प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो, म्हणजे दिवसाला 167 ग्रॅम. तीन माणसांच्या कातकरी घराला चुकीचे कार्ड दिले की महिन्याला वीस किलो धान्य गेले. कार्डच नसेल तर सगळेच गेले. शिवाय मावळ तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. त्या क्षेत्रात असलेल्या आंबेगाव-जुन्नरच्या काही गावांना जे मिळते, ते इथल्या आदिवासींना मिळत नाही, आणि आदिवासी प्रकल्प कार्यालय तिकडे घोडेगावला. आपल्या आंदर मावळातल्या इंगळूणच्या कातकऱ्याची भूक घोडेगावच्या कातकऱ्यापेक्षा कमी नाही. मग नकाशावरच्या रेषेने त्याचा घास का ठरावा?

आणि नुसत्या तांदळावर घर चालत नाही. तेल, डाळ, मीठ-मिरची विकत आणावी लागते. म्हणून आम्ही धान्य आणि काम दोन्ही मागतो.

काम कुठले, असे कोणी विचारू नये. पावसाने फुटलेले खाचरांचे बांध, गाळ भरलेल्या विहिरी, ओढ्यावरचे बंधारे, उतारावर आंबा आणि बांबूची लागवड. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली इंद्रायणी वाण दिला. आज पुण्याच्या बाजारात तो नावाने विकला जातो. तो पिकवणारे खाचर धड ठेवणे हे काय बिनकामाचे काम आहे?

आता आपल्याकडून काय होत नाही ते सांगतो. आपण काम तोंडी मागतो. तोंडी मागणीची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे मागणी नाही, असा अहवाल वर जातो. म्हणून नमुना 4 चा अर्ज भरा. अंगठा करणाऱ्यांचा अर्ज शिकलेल्या पोरांनी भरावा. तारखेची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून हलू नका. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता मागा. गावातल्या कुठल्या कातकरी घराकडे अंत्योदय कार्ड नाही, ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा, ठरावात लिहून घ्या आणि वडगावला तहसीलदारांकडे एकत्र जाऊन द्या.

कंपनीत जाणाऱ्या भावांनो, तुमचा कर कापला जातो, तेव्हा हा हिशेब विचारायचा हक्क तुमचाही आहे. येत्या ग्रामसभेला सुट्टी टाकून या, आणि येताना पगाराची स्लिप घेऊन या.