दोन मध्यम कांदे



टीव्हीवरचा स्वयंपाक हा आपल्या पत्रकाचा विषय कधीपासून झाला, असे काही जण विचारतील. कर्जाचे आणि वीजबिलाचे प्रश्न अंगावर असताना हे काय नवीन काढले? माझे म्हणणे एवढेच की, निर्यातबंदीचा हुकूम दिल्लीत निघतो तो शहरातल्या स्वयंपाकघराच्या धास्तीने. आणि त्या स्वयंपाकघराची शिकवणी गेली तीस वर्षे टीव्हीवरचे आचारी घेत आहेत. त्या शिकवणीत काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते, हे आपणच पाहिले पाहिजे. दुसरे कोणी पाहणार नाही.

१९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला. मराठीत 'आम्ही सारे खवय्ये' आले, विष्णू मनोहरांची 'मेजवानी' आली. २०१० मध्ये 'मास्टरशेफ इंडिया' आले आणि २०११ मध्ये तर चोवीस तास फक्त खाण्याचीच वाहिनी निघाली. आता तोच धंदा मोबाईलवर एका मिनिटात उरकतो. कार्यक्रम कोणताही घ्या, सुरुवात एकच: साहित्य. दोन मध्यम कांदे, तीन लाल टोमॅटो, एक वाटी तूरडाळ, मूठभर कोथिंबीर. काचेच्या वाट्यांत सगळे चिरून तयार. कांदा कुठून आला, कोणत्या हंगामाचा, आज बाजारात काय भाव आहे, पिकवणाऱ्याच्या हातात त्यातले काय पडले, यातले एक अक्षर नाही. जणू कांदा नळाला येतो.

तेलाचे मात्र तसे नाही. तेलाला नाव असते. भिंतीवर नाव, आचाऱ्याच्या एप्रनवर नाव, आणि पिशवी अशी धरायची की नाव बरोबर कॅमेऱ्याकडे. मसाल्याला नाव, कुकरला नाव, पिठाच्या पुडीला नाव. ज्याने वाहिनीला पैसे मोजले त्याचा माल नावानिशी, आणि ज्याने घाम गाळला त्याचा माल 'दोन मध्यम'. बरे, त्या तेलाच्या पिशवीत लातूरचे सोयाबीन आहे की इंडोनेशियाचे पाम, हेही कोणी सांगत नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आपल्याकडे माल त्याखाली विकला गेला. पुढे २०२५ च्या मे महिन्याअखेर कच्च्या तेलावरचे मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले गेले. फोडणी स्वस्त राहावी म्हणून. फोडणी कोणाच्या जिवावर, हे पाककृतीत लिहिलेले नसते.

कृषी महाविद्यालयात आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवले होते की, कांदा हे एक पीक नव्हे, तीन पिके आहेत. पोळ कांदा पावसाळ्यातला. तो ऑक्टोबरपासून निघतो, पाणीदार असतो, टिकत नाही. मग रांगडा, जानेवारी ते मार्च. आणि एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ, जो चाळीत घालून दिवाळीपर्यंत पुरवायचा. चाळीतही त्याचे वजन घटते, कोंब येतात, काही सडतो. ही सगळी घट शेतकऱ्याच्या खात्यावर. सप्टेंबर-ऑक्टोबरात चाळी रिकाम्या होत आलेल्या असतात आणि परतीच्या पावसाने पोळ झोडपला की भाव चढतो. यात साठेबाजी नाही, कारस्थान नाही. हा निसर्गाचा हिशेब आहे. आंबा डिसेंबरात नाही म्हणून कोणी मंत्र्याचा राजीनामा मागत नाही. कांदा मात्र बाराही महिने, त्याच भावात, त्याच आकाराचा, दोन मध्यम.

या अज्ञानाची किंमत आपण मोजली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव मिळाला. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन शिल्लक राहिले २ रुपये ४९ पैसे. त्या आठवड्यात कोणत्या वाहिनीवरच्या आचाऱ्याने सांगितले का, की बायांनो, कांदा मातीमोल झालाय, आज पातीचा झुणका नको, भरल्या कांद्याची भाजी करा, तळून बरणी भरून ठेवा? नाही सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाव जरा वर सरकताच १९ तारखेला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, आणि ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद झाली. तो काळ नेमका पोळ कांद्याचा. हा कांदा घरात ठेवता येत नाही, पडेल त्या भावाने द्यावा लागतो. दोन आठवड्यांत भाव निम्म्यावर आले. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, तीही शुल्क ठेवून. शुल्क शून्यावर यायला १ एप्रिल २०२५ उजाडले.

आता शहरातल्या घराचा हिशेब करू. चार माणसांचे घर महिन्याला पाच किलो कांदा खाते असे धरा. भाव तीस रुपयांवरून साठ झाला तर महिन्याला जादा खर्च दीडशे रुपये. एका मोबाईलचा रिचार्जही यात बसत नाही. आणि तेवढेही नको असेल तर दोन कांद्यांच्या जागी एक घाला. कोबी बारीक चिरून परता, दाण्याचा कूट घाला, तिळाचे वाटण करा, हिंग-जिऱ्याची फोडणी द्या. कांदा न खाणारी कितीतरी घरे याच महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रुचकर जेवत आली आहेत. चातुर्मासात तर चार महिने कांद्याला शिवत नाहीत. आचाऱ्याने पडद्यावर एवढे एक वाक्य बोलले असते, 'सध्या कांदा कमी आहे, आज अर्धाच घेऊ', तर मागणी आपोआप सैल झाली असती. जे काम निर्यातबंदीने केल्याचा दावा दिल्ली करते, ते काम त्या एका वाक्याने झाले असते, आणि तेही परदेशातले गिऱ्हाईक न तोडता. आपली निर्यात दर दोन-चार वर्षांनी अशी अचानक बंद पडते. एकदा तुटलेले गिऱ्हाईक पाकिस्तानकडे, इजिप्तकडे जाते. ते परत येईलच याची खात्री कोण देणार?

आचाऱ्यांना हे बोलता येत नाही असे नाही. २०२३ च्याच जुलैत टोमॅटो किलोला दोनशेपर्यंत गेला, तेव्हा सगळ्यांना एकदम कंठ फुटला. चिंच घाला, आमसूल घाला, दही घाला, टोमॅटोशिवाय रस्सा असा करा. चांगली गोष्ट झाली. सरकारनेही त्याच महिन्यात टोमॅटो खरेदी करून शहरात सवलतीने विकला, ऑगस्टमध्ये नेपाळहून आणला. पण त्याच्या दोन-तीन महिने आधी आपल्याकडे टोमॅटो रस्त्यावर ओतला जात होता, जनावरांना घातला जात होता. तेव्हा कोणी सांगितले नाही की टोमॅटोच्या बुडाला चीर द्या, उकळत्या पाण्यात दोन मिनिटे टाका, साल काढा, गर आटवून बाटल्या भरा, पावसाळा निघून जाईल. महाग झाला तेव्हा गृहिणीला वाचवायला धावले. मातीमोल झाला तेव्हा शेतकऱ्याकडे पाहायला कोणाला वेळ नव्हता. आमची तक्रार या एकडोळेपणाची आहे.

तुरीचे तेच. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशेला भिडली, म्हणून शेतकऱ्याने तूर पेरली. २०१७ मध्ये तूर उदंड झाली, ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर राहिला, खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. परदेशी विकावी तर तुरीची निर्यात २०१७ च्या सप्टेंबरपर्यंत बंदच. आणि त्याच २०१७ च्या ४ नोव्हेंबरला दिल्लीत सरकारी खाद्यमेळ्यात संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली ९१८ किलो खिचडी शिजली. गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला, मोठमोठ्यांनी फोटो काढले. खिचडीवर आमचा राग नाही. ९१८ किलो, तीही पाणी धरून! वाशीमच्या केंद्रापुढच्या रांगेतला एक ट्रॅक्टर याहून जास्त माल घेऊन उभा असतो. पण डाळ पिकवणारा त्या वर्षी काय भोगत होता, याचा एक शब्द त्या कढईभोवती निघाला असता तर विक्रमाला कमीपणा आला नसता.

भरड धान्याची हौस तर सांगूच नये. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि पडद्यावर नाचणीचा पास्ता नि ज्वारीचा केक आला. मंगळवेढ्याची मालदांडी खाणाऱ्या आमच्या आजीला याची गंमत वाटली असती. ज्वारी ताटातून गेली ती चव गेली म्हणून नव्हे. रेशनवर गहू दोन रुपयांनी आणि तांदूळ तीन रुपयांनी, पुढे फुकट, मिळायला लागला. त्याच्यासमोर कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारी टिकणार कशी? केकने हा प्रश्न सुटत नाही.

कोणी म्हणेल, आचारी बिचारा काय करणार, तो करमणूक करतो. ही पळवाट मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये डेलिया स्मिथ नावाच्या बाई टीव्हीवर स्वयंपाक शिकवत. त्यांनी एखादी वस्तू वापरली की दुकानांतून ती संपायची. इतकी की 'डेलिया' हा शब्दच २००१ मध्ये तिथल्या शब्दकोशात गेला. एवढी ताकद कृषी खात्याच्या एका तरी भित्तिपत्रकात आहे का? त्याच देशात ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल या टीव्हीवरच्या आचाऱ्याने २०११ मध्ये मासेमारांच्या बोटींवर कॅमेरा नेला. युरोपच्या कोट्याच्या नियमांमुळे मच्छीमारांना पकडलेली चांगली मासळी मेलेल्या अवस्थेत परत समुद्रात फेकावी लागत होती. हा गृहस्थ ते नुसते दाखवून थांबला नाही. त्याने लाखो सह्या गोळा केल्या, ब्रसेल्सला जाऊन अधिकाऱ्यांना जाब विचारला. २०१३ मध्ये युरोपने मासेमारीचे धोरण बदलले आणि २०१५ पासून ही फेकाफेक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम आला. तो नियम किती पाळला जातो हा वाद तिथे आजही आहे. पण एक आचारी सरकारी नियमाविरुद्ध उत्पादकाच्या बाजूने उभा राहतो, आणि प्रेक्षक त्याच्यामागे जातात, हे झाले. आपल्याकडे कांद्याच्या ट्रॉलीत उभे राहून एकही पाककृती कोणी केलेली मला माहीत नाही.

आचाऱ्यांशी आपले वैर नाही, हेही सांगून टाकतो. पूर्वी आचारी म्हणजे लग्नघराच्या मागच्या दारी धुरात बसणारा माणूस. त्याच्या हाताला मोल नव्हते, त्याचे नाव कोणी विचारत नसे. २००७ मध्ये तरला दलाल यांना आणि २०१७ मध्ये संजीव कपूर यांना पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला आनंदच आहे. कसबाला दाम आणि नाव मिळाले पाहिजे, हेच तर आपण सांगत आलो. ज्यांनी स्वतः ही वाट चालली त्यांनी वाटीतल्या कांद्याचे नाव गिळून टाकावे, हे मात्र खटकते.

तेव्हा जिल्हा मेळाव्यात ठराव मांडणार आहे तो असा: मराठी वाहिन्यांवर पाककृती दाखवताना मुख्य शेतमालाचा हंगाम, तो आला ती बाजारपेठ, आणि त्या दिवशी शेतकऱ्याला मिळालेला भाव, हे तीन शब्द पडद्यावर यावेत. तेलाच्या जाहिरातीपेक्षा कमी जागा लागेल. मसाला मंडळींची यात कसलीही अडचण होत नाही. वाहिन्यांना आणि आचाऱ्यांना पत्रे जातील ती नुसती मागणीची नसतील. प्रत्येक पत्राला विक्रीची एक हिशेबपट्टी आणि त्याच मालाची एक पाककृती जोडायची आहे. पाककृती आपल्या घरच्या बायांनी लिहायची, कारण स्वस्ताईच्या दिवसांत शिल्लक माल कसा संपवायचा हे त्यांच्याइतके कोणत्याही शेफला येत नाही.

तालुका शाखांनी मेळाव्याला येताना कांदा, टोमॅटो, तूर आणि सोयाबीनच्या किमान पाच-पाच पट्ट्यांच्या झेरॉक्स प्रती आणाव्यात. तारीख, वजन आणि कपातीचे आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत. शेतकऱ्याचे व आडत्याचे नाव झाकून आणले तरी चालेल. पाककृती वहीच्या पानावर एका बाजूला, सुवाच्य अक्षरात, आणि वर साहित्य लिहिताना 'दोन मध्यम' एवढेच न लिहिता कांदा पोळ की उन्हाळ तेही लिहावे.