ट्राउटच्या आधी मरळ

आपल्या साहित्याच्या वर्गात मासा येतो तो प्रतीक होऊन, आणि त्यातही मान ट्राउटचा. हेमिंग्वेची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ ही 1925 सालची कथा शिकवताना युद्ध, जखम, मौन यांवर तास खर्ची पडतात. पण माशाला स्पर्श करण्यापूर्वी निक आपला हात ओला का करून घेतो, असे विचारणारा प्राध्यापक आम्हांला अद्याप भेटायचा आहे. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्या जागी बुरशी धरते. हे कारण कथेतच दिलेले आहे. तरीही ते कोणाच्या ध्यानात राहत नाही, कारण वाचणाऱ्याने मासा कधी हातात धरलेलाच नसतो.

आमच्यापैकी काहींनी सिंदी (मेघे) येथील शेजारची चार-पाच मुले जवळच्या एका गावतळ्यावर गळ टाकायला नेली. तळ्याचा ठेका मच्छीमार संस्थेकडे. परवानगी रीतसर घेतलेली, मिळालेल्या माशांचे वजनाप्रमाणे पैसे मोजलेले. ही वार्ता पसरताच साहित्यप्रेमी मित्रमंडळींकडून दोन आक्षेप आले. दोन्ही आम्हांला अमान्य आहेत.

पहिला आक्षेप अपेक्षितच होता: ही सेवाग्राम-पवनारची भूमी, येथे मुलांच्या हाती गळ देणे शोभते काय? अहिंसेच्या निष्ठेने मांसाहार वर्ज्य करणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे. पण हा आक्षेप त्या निष्ठेतून आलेला नव्हता. आक्षेपकांपैकी अनेकांच्या घरी मासे शिजतात. बाजारात ते साफ करून, तुकडे करून मिळतात, एवढेच. म्हणजे खटकते ती हिंसा नव्हे, तिचे दर्शन. शिवाय ज्या वर्ध्यात 1937 साली भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, त्याच वर्ध्याचे नाव घेऊन मुलांचे हात कोरडे ठेवायचे, हे आम्हांला तरी विपरीत वाटते. आपल्या भाषेत ‘आमिष’ म्हणजे मांसही आणि गळाला लावायची वस्तूही. ‘निरामिष’ हा शब्द मुले पाठ करतात. त्यातले ‘आमिष’ गांडुळाच्या रूपाने बोटांत वळवळले, तर शब्द अधिक कळेल की कमी?

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित आणि म्हणून अधिक घातक. सोडलेले मासे पकडण्यात कसला अनुभव? खरी मासेमारी वाहत्या नदीवर, अरण्यात! हा विचार ट्राउटच्या कथांतून उचललेला आहे. भारतातली ट्राउट मात्र स्वतःच सोडलेली आहे. काश्मीरच्या आणि निलगिरीच्या थंड पाण्यांत तिला साहेबांनी आणले. विदर्भाच्या उन्हात ती जगणार नाही. आपल्याकडे सोडतात कटला, रोहू, मृगळ. हे मूळचे नद्यांतले मासे साचलेल्या तळ्यात सहसा प्रजनन करीत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी अशा माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागले आणि त्यातून वाढवलेली बोटुकली विकत आणून पावसाळ्यात तळ्यात सोडण्याची पद्धत रुळली. म्हणजे त्या तळ्यातला जवळजवळ प्रत्येक रोहू कोणीतरी पैसे मोजून, पाळत ठेवून वाढवलेला असतो. आम्हांला मुलाला नेमके हेच दाखवायचे आहे. अरण्यातला मासा कोणाचाच नसतो, असे मानून रोमँटिक होता येते. तळ्यातला मासा कोणाचा, हे मात्र गळ टाकण्याआधी विचारावे लागते.

आणि तळेही निसर्गाने दिलेले नाही. वर्ध्याच्या पूर्वेला भंडारा-चंद्रपूरकडे जे माजी मालगुजारी तलाव आहेत, ते माणसांनी बांधले. 1951 साली मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे गेले. त्यांतील मासे धरण्याचे काम ढिवर करीत आले. त्यांच्या मुलांना शाळेत वह्या-पुस्तके मिळतात. त्यांच्या शब्दांना मात्र जागा मिळत नाही.

खरी गोम येथे आहे. मरळ कोणी सोडत नाही, ती आपली आपण वाढते. पृष्ठभागावर येऊन हवा घेते. तिच्या तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला की खाली मोठी मरळ राखणीला असते. कटला-रोहूच्या पालनात ती भक्षक ठरते, म्हणून बीज सोडण्यापूर्वी तिला काढून टाकतात. हे सगळे ज्या मुलाला सातव्या वर्षी माहीत असते, त्याला मराठीच्या तासाला आम्ही ‘माझा आवडता पक्षी’ या विषयावर दहा ओळी मागतो. (तोही बहुधा मोर!)

विद्वत्तेचा आधारच हवा असेल तर तोही आहे. मराठीच्या प्राचीनतेचा विषय निघाला की चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथाकडे बोट दाखवले जाते, कारण त्यात जुन्या मराठीतील गीतांश आहेत. त्याच ग्रंथात मत्स्यविनोद हे प्रकरण आहे; त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, गळ यांचे तपशील येतात. वॉल्टनचे ‘द कंप्लीट अँग्लर’ 1653 सालचे, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांनी मागाहूनचे. आमचे विद्यार्थी वॉल्टनचे नाव परीक्षेत लिहितात. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर झालेल्या भाषणांतून हे प्रकरण आमच्या तरी कानी आले नाही. असो.

आम्ही नेलेल्या मुलांपैकी एकीने काठीला झटका बसताच गळ ओढला आणि मासा निसटला. संस्थेचे एक वयस्क सभासद शेजारी होते. ते म्हणाले, “घाई केली व तू. त्याले आधी गिळू दे.” ‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचार वर्तमानपत्रांत राजकारण्यांसाठी रोज वापरला जातो, त्यातला हा थांबण्याचा क्षण कोणत्याही वाक्प्रचार-कोशात आम्ही पाहिलेला नाही.

हेमिंग्वे जरूर शिकवावा, आमची काहीच हरकत नाही. मात्र त्याआधी एखाद्या रविवारी आपल्या मुलाला आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन तळ्यावर जावे. काठी, दोरा, गळ, तरंगायला मोरपिसाचा देठ, कणकेची गोळी, एवढे पुरते. संस्थेच्या सचिवांना आदल्या दिवशी विचारावे. भर पावसाळ्यात जाऊ नये, तेव्हा बोटुकली नुकतीच सोडलेली असते.