नाव एकदाच सांगता यावं

दिवाळीच्या तोंडावर ओळखीत कोणी ना कोणी घरच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागतं आणि घरातल्या मुलांना हुकूम सुटतो, 'एक वेबसाइट करून दे.' वेबसाइट दोन दिवसांत होते. डोमेन नेम ठरवताना मात्र घाई नको. डिझाइन उद्याही बदलता येईल. नाव बदललं तर छापलेली पाकिटं, दुकानाची पाटी आणि गिऱ्हाइकांची सवय, सगळंच बदलावं लागतं.

आपली खरी अडचण असते मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची. 'फराळ' घ्या. सुरुवातीला एफ की पीएच? मधे ए एक की दोन? 'ळ'चं काय करायचं? 'वहिनी'ला व्ही की डब्ल्यू? आपल्याला सरळ वाटणारं स्पेलिंग शेजारच्या गुजराती किंवा कन्नड गिऱ्हाइकाला सुचेलच असं नाही. म्हणून आत्याला फोन करा, नाव एकदाच सांगा आणि तिनं काय लिहिलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. शेजारच्या अमराठी काकूंनाही विचारा. दोघींचं जुळलं तर नाव पास. 'मसाला' पास होईल, 'तिळगूळ' बहुधा नाही. अवघड नावावरच जीव जडला असेल तर दोन्ही स्पेलिंग विकत घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा. 'मधे डॅश आहे हं' असं सांगावं लागणारं नाव मी तरी घेणार नाही.

गावाचं नाव घालण्याचा मोह होतोच. पण बडोद्याला कोणी वडोदरा टाइप करतं, कोणी बरोडा. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं.

दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावात एखादं अक्षर वाढवून नवं नाव करायची युक्तीही नको. 'सिफी'च्या स्पेलिंगमध्ये एक एफ वाढवून केलेल्या नावावरून सत्यम इन्फोवे आणि सिफीनेट सोल्यूशन्स यांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डोमेन नेमलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं, असा निकाल २००४ मध्ये सत्यमच्या बाजूनं लागला.

डॉट कॉम मिळालं नाही तर डॉट इन खुशाल घ्या. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही आहे. तिथे एफ-पीएचचा घोळ नाही (ऱ्हस्व-दीर्घाचा आहेच!). पण असा पत्ता आतून इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात चालतो, आणि काही अ‍ॅपमध्ये लिंक पाठवली की तेच विचित्र रूप दिसतं. म्हणून तो जोडीला ठेवावा, एकटा नको.

आणि नाव कोणाच्या नावावर आहे? बऱ्याच घरी भाचा किंवा डिझाइनर स्वतःच्याच ईमेलवरून डोमेन घेतो. पुढे भाचा कॅनडाला जातो, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहतात आणि ऐन दिवाळीत साइट बंद. काही दिवसांची सवलत मिळते. तीही टळली की ते नाव कोणीही घेऊ शकतं. धंदा मावशीचा असेल तर नोंदणी मावशीच्या नावावर, ईमेल तिचा आणि ओटीपीही तिच्याच फोनवर. पैसे भरताना पहिल्या वर्षाची स्वस्त किंमत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाची विचारा. मुदत संपण्याची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी.